जळत्या तेलावर पाणी : आग विझण्याऐवजी भडका का उडतो?

स्वयंपाकघरात कढईतील तेलाने पेट घेतला की जवळ उभ्या असलेल्या व्यक्तीचा हात बहुधा पाण्याकडेच जातो. लाकूड, कागद, कापड यांना लागलेली आग पाण्याने विझते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असल्यामुळे ही प्रतिक्रिया स्वाभाविक आहे. जळत्या तेलाच्या बाबतीत मात्र तीच प्रतिक्रिया घातक ठरते. पेलाभर पाणी पडताच कढईपुरती मर्यादित असलेली ज्योत क्षणार्धात छतापर्यंत पोहोचते आणि जळत्या तेलाचे शिंतोडे ओट्यावर, भिंतींवर व समोरच्या माणसाच्या अंगावर उडतात.

या भडक्याचे मूळ भौतिक क्रियेत आहे. त्यात पाणी स्वतः जळत नाही. पाणी तेलाच्या पृष्ठभागाखाली जाऊन तेथे वाफेत रूपांतरित होते आणि बाहेर पडणारी ती वाफ जळते तेल बारीक तुषारांच्या रूपाने हवेत फेकते. एरवी आग विझविणारा पाण्याचा गुण येथे चुकीच्या ठिकाणी आणि चुकीच्या वेगाने प्रकट होतो, इतकाच फरक असतो.

भाजण्याच्या दुर्घटना हा भारतातील सार्वजनिक आरोग्याचा एक गंभीर प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार भाजल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे १ लाख ८० हजार लोकांचा मृत्यू होतो, तर भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक लोक मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. या दुर्घटनांची कारणे अनेक असली, तरी घर आणि विशेषतः स्वयंपाकघर हे त्यांचे एक प्रमुख ठिकाण आहे. त्यामुळे तेलाच्या आगीमागील विज्ञान समजून घेण्याला थेट व्यावहारिक महत्त्व आहे.

तेल पेट कसे घेते?

द्रवरूप तेल जसेच्या तसे जळत नाही. जळते ते तेलापासून निघणारे बाष्प. सामान्य तापमानाला खाद्यतेलाचे बाष्प जवळपास निघतच नाही. म्हणूनच थंड तेलाच्या वाटीत पेटती काडी टाकली, तर ती बहुधा विझून जाते. देवापुढील निरांजनातही वात तेल वर ओढते, ज्योतीच्या उष्णतेने त्या थोड्या तेलाचे बाष्प होते आणि ते बाष्प जळते. खालचे तेल मात्र शांत राहते.

कढईतील तेल तापत जाते तेव्हा ते तीन टप्प्यांतून जाते. पहिला टप्पा धूम्रबिंदूचा. तेलाची जात आणि शुद्धता यांनुसार साधारण १७० ते २५० अंश सेल्सिअस या दरम्यान तेलातून सतत निळसर धूर निघू लागतो. न गाळलेल्या, अशुद्धीकृत तेलांचा धूम्रबिंदू कमी, तर रिफाइंड तेलांचा अधिक असतो. या तापमानाला तेलातील मेदाम्ले व ग्लिसरॉल यांचे विघटन सुरू होते. ग्लिसरॉलपासून तयार होणारे अॅक्रोलीन हे संयुग डोळ्यांना झोंबते आणि घशात खवखव निर्माण करते.

दुसरा टप्पा साधारण ३०० अंशांच्या पुढे येतो. या वेळी तेलावर इतके बाष्प जमा झालेले असते, की बाहेरची ज्योत लागताच ते पेट घेते. कढईच्या कडेवरून ओघळलेले तेल किंवा बाहेर झेपावणारी गॅसची ज्योत एवढे निमित्त त्याला पुरते. तिसरा टप्पा स्वयंप्रज्वलनाचा. बहुतेक खाद्यतेलांच्या बाबतीत साडेतीनशे अंशांच्या पुढे केव्हातरी तेलाचे बाष्प ठिणगीशिवाय, केवळ हवेच्या संपर्काने पेटते.

तळण्यासाठी लागणारे तापमान साधारण १६० ते १९० अंश असते. तेथपासून स्वयंप्रज्वलनापर्यंतचे अंतर मोठे वाटत असले, तरी ते कापायला फार वेळ लागत नाही. कढईत पदार्थ असतो तोवर त्यातील ओलावा वाफ होऊन उष्णता शोषून घेत असतो आणि तेलाचे तापमान आटोक्यात राहते. घाणा काढून घेतला, आच तशीच मोठी राहिली आणि कोणी दार उघडायला किंवा फोन घ्यायला गेले, की उष्णता शोषणारे काही उरत नाही. घरगुती शेगडीच्या मोठ्या बर्नरवर अर्धा लिटर तेल १८० अंशांवरून स्वयंप्रज्वलनाच्या तापमानापर्यंत जाण्यास ढोबळ हिशेबाने पाच ते दहा मिनिटे पुरतात. तेल थोडे असेल, तर त्याहूनही कमी.

वारंवार वापरलेल्या तेलात मुक्त मेदाम्लांचे प्रमाण वाढते आणि त्याचा धूम्रबिंदू खाली येतो. असे तेल ताज्या तेलापेक्षा लवकर धुमसते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरविली आहे. त्यापलीकडे गेलेले तेल वापरता येत नाही. हा नियम प्रामुख्याने आरोग्याच्या दृष्टीने केलेला असला, तरी जुने तेल टाळण्याचा लाभ अग्निसुरक्षेच्या दृष्टीनेही आहे.

पाणी इतर आगी कशा विझवते?

जळते लाकूड किंवा कापड यांवर पाणी टाकले की ते त्या घन पदार्थाच्या पृष्ठभागावर पसरते, त्याच्या छिद्रांत मुरते आणि तेथेच त्याची वाफ होते. एक किलोग्रॅम पाण्याची १०० अंशांवर वाफ होताना सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता शोषली जाते. ही उष्णता जळत्या पदार्थातून घेतली जात असल्याने त्याचे तापमान वेगाने घटते, ज्वलनशील वायू निघणे थांबते आणि आग विझते. तयार झालेली वाफ ज्योतीभोवतीची हवाही काही प्रमाणात बाजूला सारते.

या यशामागे दोन अटी आहेत. पाणी जळत्या पृष्ठभागावर टिकले पाहिजे आणि तयार झालेल्या वाफेला मोकळेपणाने निघून जाता आले पाहिजे. तेलाच्या आगीत या दोन्ही अटी मोडतात.

कढईत नेमके काय घडते?

पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत. खाद्यतेलाची घनता सामान्य तापमानाला दर घन सेंटिमीटरला सुमारे ०.९२ ग्रॅम, तर पाण्याची १ ग्रॅम असते. तापलेले तेल प्रसरण पावून आणखी हलके होते. परिणामी ओतलेले पाणी जळत्या पृष्ठभागावर न थांबता तेलात शिरते आणि कढईच्या तळाकडे जाऊ लागते. तेथे त्याच्या चहूबाजूंना साडेतीनशे अंशांच्या आसपास तापलेले तेल असते. पाण्याच्या उत्कलनांकापेक्षा हे तापमान अडीचशे अंशांनी अधिक आहे.

अशा स्थितीत पाण्याला संथपणे उकळायला वाव मिळत नाही. त्यातच आणखी एक बाब परिस्थिती बिघडवते. भांड्यात पाणी उकळते तेव्हा वाफेचे बुडबुडे भांड्याच्या खडबडीत पृष्ठभागावरील सूक्ष्म खाचांमधून सुरू होतात. तेलाने सर्व बाजूंनी वेढलेल्या पाण्याच्या थेंबाला अशा खाचा मिळत नाहीत. त्यामुळे तो १०० अंश ओलांडूनही काही क्षण द्रवरूपच राहू शकतो. या स्थितीला अतितप्त अवस्था म्हणतात. बुडबुडा एकदा सुरू झाला की साठलेल्या उष्णतेमुळे जवळपास संपूर्ण थेंब एकदम वाफेत बदलतो. पाणी टाकल्यानंतर किंचित अवकाशाने स्फोटासारखा आवाज होतो, त्याचे एक कारण हे आहे.

वाफेचे आकारमान हा या घटनेचा गाभा आहे. सामान्य वातावरणीय दाबाखाली १०० अंशांवर एक लिटर पाण्यापासून जवळपास १,७०० लिटर वाफ तयार होते. हीच वाफ ३५० अंशांपर्यंत तापली, तर तिचे आकारमान २,८०० लिटरच्या पुढे जाते. पाच मिलिलिटर पाणी म्हणजे चहाचा एक चमचा. त्यापासून किमान आठ लिटर वाफ निर्माण होते. बहुतेक घरगुती कढया याहून लहान असतात. दोनशे मिलिलिटरच्या एका पेल्यापासून सव्वातीनशे लिटरहून अधिक, म्हणजे दोन दरवाजांच्या मोठ्या फ्रिजच्या आतील जागेएवढी वाफ होते.

ही सर्व वाफ तेलाच्या थराखाली जन्म घेते. तिला बाहेर पडण्याचा मार्ग केवळ वरच्या दिशेने, तेलातूनच असतो. त्यामुळे ती तेलाचा थर फोडून, त्याच्या चिंधड्या करून, ते हवेत उधळते.

भडका एवढा मोठा का होतो?

पाणी पडण्यापूर्वी कढईतील आगीवर एक नैसर्गिक मर्यादा असते. हवेतील ऑक्सिजन तेलाला केवळ वरच्या पृष्ठभागापाशी भेटतो. आतील तेल कितीही तापलेले असले, तरी हवा न मिळाल्याने ते जळू शकत नाही. आगीचा आकार म्हणूनच कढईच्या तोंडाएवढ्या पृष्ठभागावर अवलंबून असतो.

वाफेने तेल हवेत उधळले की ही मर्यादा नाहीशी होते. एक मिलिलिटर तेलाचा एकच गोल थेंब कल्पिला, तर त्याचे पृष्ठफळ सुमारे ५ चौरस सेंटिमीटर भरते. तेच तेल एकदशांश मिलिमीटर व्यासाच्या तुषारांत विभागले गेले, तर १९ लाखांच्या आसपास थेंब तयार होतात आणि त्यांचे एकत्रित पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे सव्वाशे पटींनी अधिक. यातील प्रत्येक थेंब आधीच स्वयंप्रज्वलनाच्या तापमानाजवळ असतो, त्याच्या सर्व बाजूंना हवा असते आणि खाली ज्योत तयारच असते. त्यामुळे हे सर्व तुषार जवळपास एकाच वेळी पेटतात.

या क्षणी मुक्त होणाऱ्या ऊर्जेची कल्पना एका उदाहरणाने येऊ शकेल. शंभर ग्रॅम खाद्यतेल पूर्णपणे जळले तर सुमारे ३,७०० किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. ते तीन सेकंदांत जळले असे मानल्यास ऊर्जेचा दर १,२०० किलोवॅटच्या पुढे जातो. घरगुती शेगडीचा बर्नर सुमारे दोन किलोवॅटचा धरला, तर सहाशे बर्नर एकदम पेटविल्यासारखी ही स्थिती होय. प्रत्यक्षात सगळे तेल इतक्या पूर्णपणे जळत नाही. काही तेल जळत्या शिंतोड्यांच्या रूपाने आजूबाजूला पडते. धोका त्यामुळे कमी होत नाही, कारण हेच शिंतोडे पडदे, कपडे आणि त्वचा यांवर चिकटून जळत राहतात. वर चिमणी असेल, तर तिच्या जाळीत साठलेला तेलकट थरही पेटू शकतो आणि आग नळीवाटे पुढे सरकते.

पाणी कमी पडते म्हणून असे होते का?

भडका पाणी अपुरे पडल्यामुळे उडतो आणि बादलीभर पाणी टाकले तर आग विझेल, असा समज आढळतो. उष्णतेचा साधा हिशेब या समजाला छेद देतो. एक लिटर तेल ३७० अंशांवरून २०० अंशांपर्यंत थंड करण्यासाठी सुमारे ३९० किलोज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. तीस अंश तापमानाच्या अवघ्या १५० मिलिलिटर पाण्याची पूर्ण वाफ होताना जवळपास तेवढीच उष्णता शोषली जाते. म्हणजे उष्णता शोषण्याच्या क्षमतेपुरते पाहिले, तर पेलाभर पाणीही पुरेसे आहे.

अडचण पाण्याच्या प्रमाणात नसून वाफ कोठे होते यात आहे. हेच पाणी अतिशय बारीक फवाऱ्याच्या रूपात जळत्या तेलावर पडले, तर त्याचे कण तेलात बुडण्यापूर्वी ज्योतीत आणि पृष्ठभागालगतच वाफ होतात, उष्णता शोषतात व हवा बाजूला सारतात. काही व्यावसायिक स्वयंपाकघरांत पाण्याच्या सूक्ष्म तुषारांवर चालणारी अग्निशमन यंत्रणा याच तत्त्वावर बसविलेली असते. तिच्यातील कणांचा आकार, दाब आणि अंतर काटेकोरपणे ठरविलेले असते. पेल्याने, मगाने किंवा हाताने शिंपडलेल्या पाण्याला हे साधत नाही. त्यामुळे घरात ‘थोडे शिंपडून पाहणे’ हा मार्ग अजिबात सुरक्षित नाही.

आणखी एक समज असा, की उष्णतेने पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजनमध्ये विघटन होते आणि ते वायू आग भडकवतात. केवळ उष्णतेने पाण्याचे लक्षणीय विघटन होण्यास २,००० अंशांहून बरेच अधिक तापमान लागते. जळत्या तेलाच्या कढईत तशी स्थिती नसते. भडक्याला लागणारे इंधन तेल पुरवते आणि ऑक्सिजन हवा पुरवते. पाण्याची वाफ दोघांना एकत्र आणण्याचे काम करते.

थंड पाण्याऐवजी गरम पाणी वापरल्यानेही फरक पडत नाही. दूध, ताक, सरबत यांसारखे पाणीदार पदार्थही तसेच वागतात, कारण त्यांचा बहुतांश भाग पाणीच असतो.

रोजच्या तळणीतील लहान नमुना

ही क्रिया सौम्य स्वरूपात प्रत्येक स्वयंपाकघरात रोज घडते. ओल्या झाऱ्यावरील पाण्याचा थेंब तेलात पडला की तडतड होते आणि तेल उडते. न निथळलेली भाजी फोडणीत टाकली की शिंतोडे हातावर येतात. साबुदाण्याचा वडा तेलात फुटतो, तेव्हा आत कोंडलेल्या ओलाव्याची वाफ बाहेरचे आवरण फोडून निघालेली असते. बर्फाचा थर असलेले गोठवलेले पदार्थ थेट गरम तेलात सोडणे त्याच कारणाने धोक्याचे असते. या सर्व प्रसंगी तेल पेटलेले नसते, म्हणून परिणाम शिंतोड्यांवर निभावतो. तेल पेटलेले असताना तेच शिंतोडे इंधनाचे तुषार बनतात.

देशाच्या विविध भागांतील स्वयंपाकाच्या सवयीही येथे लक्षात घ्याव्या लागतात. उत्तर व पूर्व भारतात मोहरीचे तेल धूर येईपर्यंत तापवून मग वापरण्याची पद्धत आहे. त्यामुळे तेलाचा उग्र वास कमी होतो. मात्र या सवयीमुळे धूर हा धोक्याचा इशारा न वाटता नेहमीची पायरी वाटू लागतो. महाराष्ट्रात दिवाळीच्या फराळाच्या वेळी चकल्या, करंज्या, शंकरपाळे यांच्यासाठी तासन्‌तास मोठ्या कढया तापत असतात. तळणीचे प्रमाण, तेलाचा पुनर्वापर आणि थकवा हे तिन्ही घटक अशा वेळी एकत्र येतात.

कढईपासून तेलाच्या टाकीपर्यंत

हेच भौतिक तत्त्व औद्योगिक पातळीवर भीषण रूप धारण करते. खनिज तेलाच्या मोठ्या टाक्यांच्या तळाशी अनेकदा पाण्याचा थर साचलेला असतो. अशी टाकी पेटली, तर वरच्या आगीची उष्णता हळूहळू तेलातून खाली उतरते. ती पाण्याच्या थरापर्यंत पोहोचली की त्या पाण्याची अचानक वाफ होते आणि टाकीतील जळते तेल उसळून बाहेर पडते. अग्निशमन क्षेत्रात या घटनेला ‘बॉइलओव्हर’ म्हणतात.

व्हेनेझुएलाची राजधानी काराकासजवळील ताकोआ येथे १९ डिसेंबर १९८२ रोजी वीज केंद्राच्या तेलटाकीला सकाळी लागलेली आग दुपारी अशाच प्रकारे उसळली. टाकीभोवती जमलेले अग्निशमन जवान, कामगार, पत्रकार व रहिवासी तिच्या तडाख्यात सापडले. दीडशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. तेथे पाणी वरून ओतलेले नव्हते, ते आधीपासून तळाशी होते. कढईत आणि टाकीत फरक फक्त आकाराचा आणि वेळेचा आहे. कढईत काही क्षणांत घडणारी घटना टाकीत काही तासांनी घडते.

तेलाच्या आगीचा स्वतंत्र वर्ग

पेट्रोल किंवा रॉकेल यांसारख्या द्रव इंधनांच्या आगी ‘बी’ वर्गात मोडतात. खाद्यतेलाची आग त्यांच्याहून वेगळी असते. जळणाऱ्या पेट्रोलचा द्रव भाग तुलनेने थंड असतो, त्यामुळे ज्योत एकदा दाबली की आग सहसा शांत होते. पेटलेल्या खाद्यतेलाचा संपूर्ण साठाच स्वयंप्रज्वलनाच्या तापमानाजवळ असतो. ज्योत विझली तरी हवा मिळताच ते पुन्हा पेटते.

तळणीसाठी प्राणिज चरबीऐवजी वनस्पती तेले आणि उष्णता टिकवून ठेवणारी आधुनिक यंत्रे वापरात आल्यावर ही अडचण पाश्चात्य देशांतील उपाहारगृहांत ठळक झाली. कोरड्या रासायनिक पावडरीने विझविलेली आग पुन्हा पेटू लागली. त्यानंतर अमेरिकेत १९९४ मध्ये व्यावसायिक स्वयंपाकघरांतील अग्निशमन यंत्रणेसाठी ‘यूएल ३००’ हे नवे चाचणी मानक आले आणि १९९८ मध्ये खाद्यतेलाच्या आगीसाठी ‘के’ हा स्वतंत्र वर्ग करण्यात आला. युरोपात याच वर्गाला ‘एफ’ म्हणतात. भारतीय बाजारात या दोन्ही नावांची अग्निशामके मिळतात.

या अग्निशामकांत पोटॅशियम अॅसिटेट, पोटॅशियम कार्बोनेट किंवा पोटॅशियम सायट्रेट यांसारख्या क्षारांचे द्रावण असते. ते सौम्य फवाऱ्याच्या रूपात जळत्या तेलावर पडते, तेव्हा त्यातील अल्कधर्मी क्षार आणि तप्त तेलातील मेदाम्ले यांची प्रक्रिया होऊन साबण तयार होतो. खोबरेल तेल आणि कॉस्टिक सोडा यांपासून साबण बनवितात, तीच ही साबणीकरणाची क्रिया. साबणाचा फेसाळ थर तेलावर झाकणासारखा पसरतो, हवा तोडतो आणि बाष्प रोखतो. द्रावणातील पाणी त्याच वेळी पृष्ठभाग थंड करते. पाणी शत्रूऐवजी साहाय्यक ठरते ते अशा नियंत्रित वापरामुळेच.

घरात आग लागल्यास काय करावे?

तेलाची आग विझविण्याचा घरगुती मार्ग म्हणजे तिची हवा तोडणे. त्यासाठी पुढील क्रम पाळणे योग्य ठरते.

पहिली गोष्ट, सुरक्षितपणे हात पोहोचत असेल तर शेगडी बंद करावी. ज्योतीवरून हात न्यावा लागत असेल, तर सिलिंडरचा रेग्युलेटर किंवा वाहिनीचा मुख्य कॉक बंद करावा.

दुसरी गोष्ट, कढईच्या तोंडापेक्षा मोठे धातूचे झाकण, परात किंवा ताट तिरपे धरून बाजूने सरकवत कढईवर ठेवावे. वरून आदळू नये. काचेचे झाकण तडकण्याची, तर प्लास्टिकचे वितळण्याची शक्यता असते.

तिसरी गोष्ट, आग विझल्यासारखी वाटली तरी झाकण उघडून पाहू नये. तेल स्वयंप्रज्वलनाच्या तापमानाखाली येण्यास बराच वेळ लागतो. भांडे हाताला गार लागेपर्यंत ते तसेच राहू द्यावे.

चौथी गोष्ट, पेटलेली कढई उचलून मोरीकडे किंवा दाराबाहेर नेऊ नये. चालताना तेल हिंदकळते आणि वाऱ्याने ज्योत नेणाऱ्याच्या अंगावर येते. मोरीतील ओलाव्यामुळे भडक्याची भीती वेगळीच.

झाकण उपलब्ध नसेल आणि आग लहान असेल, तर खाण्याचा सोडा भरपूर प्रमाणात टाकता येतो. उष्णतेने त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मीठही ज्योत दाबण्यास मदत करते. मैदा, कणीक, बेसन किंवा साखर मात्र कधीही टाकू नये. बारीक पिठाचे हवेत उडालेले कण स्वतःच स्फोटक वेगाने जळतात. सामान्य पावडरीचे किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक जवळून वापरल्यास त्याच्या जोरदार झोतानेच तेल उडू शकते, शिवाय तेल थंड न झाल्याने आग परतण्याचा धोका राहतो.

गॅस सिलिंडरच्या तोंडाशी लागलेली आग ओल्या कापडाने किंवा गोणपाटाने झाकण्याचे प्रात्यक्षिक अनेक ठिकाणी दाखविले जाते. ते गॅसच्या आगीसाठी असते. तेलाच्या कढईवर पाणी ठिबकणारे कापड टाकणे म्हणजे तेलात पाणी ओतण्यासारखेच होय. या दोन आगींतील फरक लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

आग कढईबाहेर पसरली असेल, तर ती विझविण्याचा प्रयत्न सोडून सर्वांनी बाहेर पडावे, स्वयंपाकघराचे दार ओढून घ्यावे आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा.

भाजल्यास प्रथमोपचार

आगीवर वर्ज्य असलेले पाणी भाजलेल्या त्वचेवर मात्र सर्वांत उपयुक्त ठरते. तेलाने भाजलेल्या भागावर नळाचे थंड पाणी सुमारे वीस मिनिटे वाहू द्यावे. तेलाने भिजलेले कपडे, बांगड्या, अंगठ्या लवकर काढाव्यात, परंतु त्वचेला चिकटलेले कापड ओढू नये. बर्फ, हळद, तूप, तेल, टूथपेस्ट, शाई यांपैकी काहीही लावू नये. फोड फोडू नयेत. कपड्यांनी पेट घेतल्यास पळू नये. जमिनीवर लोळून ज्वाळा दाबाव्यात. चेहरा, हात, सांधे भाजले असल्यास किंवा जखम मोठी असल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

प्रतिबंध अधिक सोपा

तळण सुरू असताना शेगडीपासून दूर न जाणे आणि जावेच लागले तर आच बंद करून जाणे, हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. कढई अर्ध्यापेक्षा अधिक भरू नये. पदार्थ, झारा आणि हात कोरडे असावेत. पदर, ओढणी व सैल बाह्या आवरून घ्याव्यात. तळणीच्या वेळी कढईएवढे धातूचे झाकण ओट्यावर हाताशी ठेवावे. तेलातून धूर निघू लागताच आच बंद करावी. धुराच्या टप्प्यावर तेलाला पेटण्यापासून रोखण्यास बर्नरचे बटण फिरविणे पुरेसे असते. ज्योत दिसल्यानंतर मात्र हाताशी ठेवलेले ते झाकणच उपयोगी पडते.